पावणेतीन तोळ्यांची गोळी

आमच्या ह्यांना पनवेलमध्ये सगळे यूनुस बंदूकवाले म्हणायचे. नाव ऐकून परक्या माणसाला वाटायचं, असेल कुणीतरी सहा फुटी, मिशांना पीळ भरणारा. प्रत्यक्षात माणूस एवढासा, चष्मा नाकाच्या शेंड्यावर आणि आवाज असा की दूधवाल्याला 'उद्या नको' सांगायचं तरी मलाच पुढे ढकलणार. मी त्यांचं नाव घेत नाही, माजचे अब्बा म्हणते. माज आमचा एकुलता एक, तो मस्कतला. इथे आम्ही दोघं, आणि पटेल मोहल्ल्यापासून दोन गल्ल्यांवर आमचं ते दहा बाय बाराचं दुकान.

दुकान म्हणजे परवान्याच्या बंदुका दुरुस्त करायचं. आजोबांपासूनचा सरकारी परवाना, काचेच्या चौकटीत, अगदी दारासमोर. नेरे, वाजे, मालडुंगे, कुठकुठून शेतकरी यायचे. कुणाची ठासणीची बंदूक, कुणाची कुंदा फुटलेली दुनळी. निवडणूक आली की सगळ्यांना बंदुका पोलीस ठाण्यात जमा कराव्या लागतात. त्या आधी तेलपाणी करायला आमच्याकडे रांग. मला त्या लोखंडाच्या कामातलं काही कळत नव्हतं. पण शिशाच्या कामात मी होते. मोहल्ल्यातल्या बायका शेवया करायच्या, मी शिसं निवडत बसायचे. नशीब एकेकाचं!

शिसं यायचं उरणहून, कोळ्यांच्या जुन्या जाळ्यांचं. मऊ असतं ते, नखाने ओरखडा उठतो. माजचे अब्बा परसदारी, माझ्या चुलीपासून लांब, ते वितळवून साच्यात ओतायचे आणि एकेक गोळी सराफाच्या जुन्या काट्यावर तोलायचे. तोललेली गोळी कागदात गुंडाळायची, काडतुसात बसवायची, पुडी बांधायची, पुडीवर चिठ्ठी. चिठ्ठ्या माझ्या. ह्यांचं शिक्षण उर्दूत, मराठी लिहिताना काना-वेलांटीची मारामारी. मी उरणच्या मराठी शाळेत सातवी, अक्षर मोत्यासारखं. असं बाई म्हणायच्या, मी नाही म्हणत. ते बोलायचे, मी लिहायचे. एकदा लिहिलं की परत बघायचं नाही, सरळ पुडीवर डकवायचं. पोस्टाचे अर्ज, माजच्या शाळेची पत्रं, सगळं तसंच.

आणि ह्यांचे तळहात! दोन गोळ्या दोन तळहातांवर ठेवा, डोळे मिटून सांगणार, ही जड, ही हलकी. चार गुंजांचा फरक असला तरी. दुकानात आलेली माणसं मुद्दाम परीक्षा घ्यायची, चहाची पैज लावायची आणि हरायची. त्या चहाच्या पैजांवरच दुकान चालतं की काय, असं मी म्हणायचे.

आता भरतचं सांगते. नाव घेतलं तरी माझं डोकं सणकतं, पण सांगते.

भरत नेऱ्याचा. त्याच्या गावात तेव्हा चौथीपुढे शाळा नव्हती. त्याचा बाप आणि माझे सासरे ओळखीचे, म्हणून पोरगा शिकायला आमच्या घरी येऊन राहिला. सहा वर्षं. शाळा वेगळ्या, ताट मात्र एक. माझी सासू त्याच्यासाठी वेगळ्या भांड्यात वरण-भात शिजवायची, त्याच्या आईला वाईट वाटू नये म्हणून. थोड्या दिवसांनी तोच म्हणाला, 'अम्मी, मला यूनुसच्या ताटातलं पायजे.' माझं लग्न होऊन मी या घरात आले तेव्हा वरातीत सगळ्यात जास्त नाचलेला माणूस हाच. ईदला पहिला शीरखुर्मा त्याला, आणि त्यांच्या जत्रेत मटणाचं पातेलं आमच्याकडे. असं होतं ते. मी त्याला दादा म्हणायचे. काय सांगू!

दोन हजार चार साली भरत एक रायफल घेऊन आला. त्याच्या आजोबांना कुठल्याशा साहेबाने खूश होऊन दिलेली, एकनळी, हे एवढं तोंड. माझा अंगठा सहज आत जाईल. काळ्या दारूवर चालणारी, शंभर वर्षांपूर्वीची. परवाना वारसाने भरतच्या नावावर आला होता, पण काडतुसं कुठेच मिळेनात. आणि रानडुकरं तर भात तुडवून ठेवत होती. वनखात्याची परवानगी काढली होती त्याने. म्हणाला, 'यूनुस, हिला बोलती कर.'

झालं. माजचे अब्बा त्या रायफलीमागे वेडे झाले. दोन पावसाळे गेले त्यात. पितळी नळकांडी जमवणं, साचा कोरून घेणं, ते सगळं झालं. घोडं अडलं ते वजनावर. गोळी किती तोळ्यांची? मी म्हटलं, 'तोंडात मावेल ती घाला, त्यात एवढं काय?' तर मला समोर बसवून शिकवलं त्यांनी. म्हणाले, 'नूर, हलकी गोळी पळते, पण अडते. जड गोळी सावकाश जाते, पण आत जाते.' डुकराच्या खांद्यावर चिखल वाळून पाटी झालेली असते, खाली जाड कातडं, खाली हाड. हलकी गोळी तिथे चपटी होऊन बसणार आणि जनावर चवताळणार. मग म्हटलं, घाला की सगळ्यात जड! तर तेही नाही. फार जड, फार लांब केली की त्या नळीच्या आत कोरलेले आटे तिला नीट फिरवत नाहीत, ती हवेत डगमगते, आडवी लागते. आणि खांद्याला असा दणका की पुढची गोळी मारायची छातीच होत नाही.

अडीच, पावणेतीन, तीन, सव्वातीन तोळे, सगळ्या करून बघितल्या. नेऱ्याला भरतच्या शेताच्या बांधाला ओल्या रद्दीचे गठ्ठे रचायचे आणि त्यात गोळी किती खोल जाते ते मोजायचं. रद्दी भिजवायची कुठे? माझ्या धुण्याच्या टबात! दोन पावसाळे माझ्या घरातल्या चादरींना छापील शाई लागत होती. शेवटी पावणेतीन तोळे ठरली. गठ्ठ्यातून आरपार जात होती आणि दहाच्या दहा गोळ्या एका बशीत मावतील एवढ्या जवळ. त्या दिवशी भरतने ह्यांना उचलून बांधावर नाचवलं होतं. त्याच वजनाला त्यांनी रायफलीचा नेम बांधून दिला आणि भरतला बजावलं, 'वजन बदललं की नेम बदलला, लक्षात ठेव.' तुम्हाला वाटेल, हलकी गोळी वर लागत असेल. मलाही तसंच वाटलं होतं. उलटं आहे ते. जड गोळीला नळीतून निघायला अंमळ वेळ लागतो, तोवर धक्क्याने नळीचं तोंड वर उचललं जातं. म्हणून जवळच्या टप्प्याला जड गोळी वर लागते आणि हलकी खाली.

मग नेऱ्याला फार्महाऊसं आली. भरतची जमीन सोन्याची झाली, तो गाडीतून फिरायला लागला. वाईट वाटायचं कारण नाही, आमचाच माणूस होता. त्याच्याकडे मुंबईची मंडळी पार्टीला यायची, त्यांना बंदुकीने डबे फोडायची हौस. मी ह्यांना म्हटलं होतं, 'एकाच्या परवान्याची बंदूक दुसऱ्याच्या हातात द्यायची नसते ना?' तर म्हणाले, 'भरत स्वतःच मारून दाखवतो त्यांना.' पावणेतीनच्या दणक्याने त्याचा खांदा काळानिळा व्हायचा, म्हणून खास डब्यांसाठी दोन तोळ्यांची हलकी गोळी करून दिली. पुड्या वेगळ्या, चिठ्ठ्या वेगळ्या. एकीवर 'डबे', दुसरीवर 'डुक्कर'. ठळक अक्षरात, माझ्या हाताने. शाळेतलं पोर चुकणार नाही.

दोन हजार बाराच्या ऑक्टोबरात भात कापणीला आलं होतं. भर दुपारी डुक्कर शेतात असल्याची खबर आली. त्या दिवशी भरतकडे एक बिल्डर जेवायला आलेला. वाडीतला मंगळ्या हाके घालायला, म्हणजे ओरडून डुक्कर बाहेर हुसकायला, झुडपात शिरला. मंगळ्या म्हणजे डोंगराखालच्या कातकरी वाडीतला, भरतच्याच जमिनीवर त्याचं खोपटं. डुक्कर बाहेर आलं, गोळी सुटली, खांद्याला लागायची ती खाली पुढच्या पायाला लागली. जनावर उलटलं आणि झुडपात मंगळ्यावरच गेलं. मांडी अशी फाडली की हाड दिसत होतं. त्याची बायको साळू हॉस्पिटलच्या पायरीवर बसून नुसती डोकं आपटत होती. मी आणि माजचे अब्बा धावत गेलो, ह्यांनी रक्त दिलं.

डुकराच्या पायातली गोळी पोलिसांनी काढली. दोन तोळ्यांची निघाली. प्रश्न आला, डुकरासाठी हलकी गोळी कुणी दिली?

चौदा तारखेला सकाळी भरत आमच्या घरी आला. चपला बाहेर काढल्या आणि सरळ माजच्या अब्बांचे पाय धरले. साठीला आलेला माणूस! म्हणाला, 'यूनुस, गोली मी नाय मारली. त्या बिल्डर शेटनी मारली. त्याला दणका सोसवत नाय म्हनून मीच डब्यांची पुडी काडली. हे भायेर आला तर मी जेलात जाईन. परवाना जाईल, जमिनीचा सौदा जाईल, पोरीचा लगीन मोडंल.'

ह्यांनी त्याला उठवून बसवलं. विचारलं, 'मी काय करू?'

'तू नुसता लिवून दे, चिठ्ठ्या बदलल्या म्हनून. तुला काय नाय होनार. ताकीद देतील फार तर. वकील माजा. मी हाय ना, यूनुस! अम्मीच्या हातचा खाल्लंय मी.'

मी आतून ओरडले, 'अहो, नाही म्हणा! हे म्हणजे हात दाखवून अवलक्षण!' माजच्या अब्बांनी माझ्याकडे असं बघितलं, जणू मीच काहीतरी घाण बोलले. म्हणाले, 'नूर, कागद आण.'

आणला. ते बोलले, मी लिहिलं. 'पुड्यांवरील चिठ्ठ्यांची अदलाबदल माझ्या हातून झाली.' चिठ्ठ्या माझ्या, डकवल्या मी, आणि त्या चुकल्या असं माझ्याच अक्षरात, एकही खाडाखोड न करता लिहिलं मी, ह्याचं मला आजही नवल वाटतं. भरत रडत होता. मी त्याला चहा दिला. होय, चहासुद्धा दिला!

परवान्याची सुनावणी अलिबागला, कलेक्टर कचेरीतल्या साहेबांपुढे. ह्यांना त्या धसक्याने ब्लडप्रेशर सुरू झालेलं, म्हणून मी बरोबर गेले. भरत आधीच येऊन बसला होता, शेजारी वकील. आमच्यासाठी कुणी वकील नव्हता. मी विचारलं, 'दादा, वकील?' तर म्हणाला, 'येल भाभी,' आणि मोबाईल काढून बघत बसला.

साहेब भला माणूस होता. त्यांनी भरतचा जबाब वाचून दाखवला. 'सदर इसमाची नजर व स्मरणशक्ती कमी झाली असून, पुड्यांमध्ये गफलत होत असल्याचे मी त्यास यापूर्वी वेळोवेळी निदर्शनास आणून दिले होते. परंतु त्याने हयगय केली.' हयगय! ज्याने पावणेतीन तोळ्यांसाठी दोन पावसाळे घालवले, त्याने हयगय केली! खाली तारीख वाचली साहेबांनी. दहा ऑक्टोबर.

दहा. आमच्या दारात पाय धरायला आला तो चौदाला. म्हणजे चार दिवस आधीच हा सगळं ह्यांच्या माथी मारून मोकळा झाला होता. आमच्याकडे आला तो फक्त शिक्कामोर्तब करून घ्यायला. केसाने गळा कापणं म्हणतात ते हेच. मी माजच्या अब्बांकडे बघितलं. ते बोटांवर काहीतरी मोजत होते. तारखाच मोजत असणार.

साहेबांना संशय आला असावा. त्यांनी उरलेल्या पुड्यांमधलं एकेक काडतूस काढलं आणि ह्यांच्या दोन्ही हातांवर ठेवलं. म्हणाले, 'चाचा, तुमच्याबद्दल मी ऐकलंय. यातलं जड कुठलं, सांगा. एवढंच सांगा. लहान मूलही सांगेल.'

मी समजले. साहेब दार उघडून देत होते. ह्यांनी नुसता उजवा हात वर केला असता, तर हा माणूस चुकत नाही हे तिथल्या तिथे सिद्ध झालं असतं आणि पुढचं सगळं उलगडलं असतं. मी मनातल्या मनात दरूद पढत होते. माजचे अब्बा दोन्ही हात पुढे धरून उभे. भरत खिडकीबाहेर बघत होता.

'नाही सांगता येत, साहेब,' माजचे अब्बा म्हणाले.

परतीच्या एसटीत मी त्यांना जे बोलले ते बोलू नये असं होतं. पेणपर्यंत थांबलेच नाही. 'त्या नमकहरामासाठी? अजूनही? तारीख ऐकलीत ना तुम्ही?' लोक वळून बघत होते, बघू देत. कर्नाळ्याच्या घाटात त्यांनी माझा हात धरला. म्हणाले, 'नूर, हात बधिर झाले होते गं. दोन्ही सारखेच लागत होते. मला खरंच नाही कळलं.'

खरं की खोटं, अल्ला जाणे. मी परत विचारलं नाही.

परवाना रद्द झाला. आजोबांपासूनची ती काचेची चौकट मी भिंतीवरून काढली तेव्हा मागे पांढरा चौकोन राहिला. दुकानाला सील लागलं. भरतला ताकीद मिळाली, फक्त ताकीद. गिऱ्हाईकं वाटेत भेटली तर सलाम करायची, पण त्या सलामात कीव असायची. 'नजर गेली ना हो चाचांची?' 'वयाने होतं असं.' माज मस्कतहून फोनवर ओरडला, 'अब्बा, खरं सांगून टाका!' हे म्हणाले, 'आता सांगितलं तर तेही खोटंच वाटेल.' माजचे अब्बा दिवसभर ओट्यावर बसायचे. मी भाजी आणायला पाठवलं तर वांगी हातात घेऊन बघायचे आणि परत काट्यावर ठेवायचे. 'भैया, नीट तोल,' म्हणायचे. आधी कधी काट्याकडे बघितलं नव्हतं त्यांनी.

आणि पुढच्या साली, भात निसवायला लागलं तेव्हा, मंगळ्या आला. काठीवर. एक पाय ओढत. दारातच बसला, आत येईना. साक्षीत यानेही भरत म्हणाला तेच सांगितलं होतं, 'गोली भरतशेटनीच मारली.'

मी म्हटलं, 'ये, ये! रक्त कमी पडलं का? अजून काही राहिलंय आमच्याकडे न्यायचं?'

मंगळ्या खाली बघून म्हणाला, 'भाभी, खोपटा त्यांच्या जागंवर हाय. काय करनार?'

'मग आता काय हवंय?'

'भरतशेटनी धाडलाय. कल्यानला दुसरा मिस्तरी बगितलाय. त्याला जमत नाय. गोली कवा वर जाते, कवा खाली. शेट बोलतात, यूनुसला इचार, वजन किती धरायचा.'

माझ्या अंगाची लाही लाही झाली. काय माणसाची हिंमत! ज्याची नजर गेली, ज्याचं डोकं गेलं असं सरकारदरबारी लिहून दिलं, त्याच्याकडेच आता वजन विचारतोय! मी तोंड उघडणार तोच माजचे अब्बा ओट्यावरून म्हणाले, 'पावणेतीन तोळे. मऊ शिसं. कागद गुंडाळून. नूर, लिहून दे त्याला, विसरेल तो.'

मी आत गेले. कागद घेतला. आणि खरं सांगते, मी लिहिलं, 'दोन तोळे.' ठळक. मोत्यासारखं. मनात म्हटलं, जाऊ दे त्याची गोळी खाली. येऊ दे डुक्कर त्याच्या अंगावर. तोही पडू दे हॉस्पिटलात, त्याचीही बायको आपटू दे डोकं. अल्ला मला माफ करो, पण लिहिताना मला बरं वाटलं.

बाहेर आले तर मंगळ्या उठायची खटपट करत होता. काठी टेकायची, मग चांगला पाय, मग तो दुसरा. मी विचारलं, 'हाके घालायला आता कोण जातं रे?'

'मीच, भाभी. पलवत नाय, पन डबा वाजवता येतो. साळू पन येते संगतीला.'

मी चिठ्ठी तिथेच चुरगाळली. त्यांच्यासमोर. दुसरा कागद आणला, दारातच भिंतीला टेकून लिहिलं. पावणेतीन तोळे. मऊ शिसं. कागद गुंडाळून. मंगळ्यापुढे धरला, त्यानेही हात पुढे केला.

माजच्या अब्बांनी मध्येच हात घातला. चिठ्ठी घेतली, खिशातून चष्मा काढला, पुसला, नाकावर ठेवला. एकेका अक्षराखाली बोट फिरवत वाचलं. मग परत पहिल्यापासून वाचलं. आणि मगच मंगळ्याच्या हातात दिली.

माझ्याकडे बघितलं नाही त्यांनी. पहिली चिठ्ठी माझ्या मुठीतच होती. पण चौतीस वर्षांच्या संसारात माझ्या हातचं लिहिलेलं त्यांनी तपासून बघितलं, ते त्या दिवशी पहिल्यांदा.

भरत, मेल्या, दुकान नेलंस ते नेलंस. हे कशाला नेलंस?